छोट्या विमानात हॉब्ज आणि टॅकचे तास वेगळे का येतात, आणि लॉगबुकात कोणते लिहायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघांनी मिळून जुनं सेसना १७२ घेतलं आहे, एकाच उड्डाणात हॉब्ज (तास मोजणारं मीटर) १.४ तास पुढे जातो आणि टॅक (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटर, त्यावरही तासांचा आकडा असतो) १.२, मध्यंतरी टॅक बदललेलाही आहे. मग देखभालीचे तास कशावर मोजायचे, वैमानिकाच्या लॉगबुकात काय लिहायचं आणि दोन्हींतलं खोटं कोण बोलतंय?

खोटं कोणीच बोलत नाही. दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि नियमाला हवी असलेली गोष्ट तर तिसरीच आहे.

हॉब्ज म्हणजे विजेवर चालणारं साधं घड्याळ. जॉन वेस्टन हॉब्ज यांनी १९३८ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे काढलेल्या कंपनीचं नाव त्याला चिकटलं. वीज मिळाली की ते धावतं, तुटली की थांबतं. त्यामुळे खरा प्रश्न असतो तो वीज कुठून येते याचा. बहुतेक विमानांत ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून येते, म्हणजे इंजिन सुरू झालं की मोजणी सुरू. काहींत ती मास्टर स्विचवर (विमानाची सगळी वीज चालू-बंद करणाऱ्या) असते, तर काहींत हवेच्या वेगाच्या स्विचवर, म्हणजे वेग आल्याशिवाय मीटर हलतच नाही. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते पाच मिनिटांत कळेल. इंजिन बंद ठेवून फक्त मास्टर लावा आणि मीटरवरची छोटी फिरती खूण पाहा. ती हलली तर मास्टर. मग इंजिन सुरू करून विमान जागेवरच ठेवा. आता हलली तर तेलाचा दाब. तरीही स्थिर राहिली आणि धावपट्टीवर वेग घेतल्यावरच हलली, तर हवेचा वेग.

टॅकवरचा तासांचा आकडा मात्र घड्याळ नव्हेच. तो फेऱ्या मोजतो. जुन्या यांत्रिक टॅकमध्ये इंजिनमागून केबल येते, ती इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरते आणि दातेरी चाकांतून आकडे पुढे ढकलते. कारखान्यात एक संदर्भ आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) धरलेला असतो, समजा २४००. इंजिन नेमकं २४०० वर तासभर फिरलं तरच टॅक एक तास दाखवतो. १००० वर तासभर उभं ठेवलंत तर फक्त २५ मिनिटं. २७०० वर दहा मिनिटं चालवलंत तर सव्वाअकरा.

तुमच्यासारखंच एक उड्डाण मांडून बघू. जाता-येता टॅक्सी (जमिनीवर चालवत नेणं) आणि रनअप (उड्डाणाआधीची इंजिनची चाचणी) मिळून १२ मिनिटं, सरासरी १००० आरपीएम. चढाई १० मिनिटं २५०० वर, क्रूझ, म्हणजे सपाट उड्डाण, ५० मिनिटं २३०० वर, उतरताना १० मिनिटं २१०० वर. टॅकची मिनिटं अनुक्रमे ५, १०.४, ४७.९ आणि ८.८ येतात. बेरीज साधारण ७२, म्हणजे १.२ तास. तेलाच्या दाबावरचा हॉब्ज पूर्ण ८२ मिनिटं मोजतो, म्हणजे १.३७, मीटरवर जवळपास १.४. आणि चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ ७० मिनिटं, म्हणजे १.१७.

देखभालीसाठी हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. अमेरिकेच्या नियमांत ‘टाइम इन सर्व्हिस’ची व्याख्या हीच आहे: विमान जमीन सोडतं त्या क्षणापासून पुढच्या ठिकाणी जमिनीला टेकतं तोवर. वैमानिकाचा उड्डाणकाळ वेगळा. तो विमान उड्डाणाच्या हेतूने स्वतःच्या ताकदीवर हलतं तिथून सुरू होतो आणि उतरल्यावर पूर्ण थांबतं तिथे संपतो. चॉक्स (चाकांखालच्या अडणी) ऑफ ते चॉक्स ऑन, असं आपण म्हणतो ते साधारण हेच. तुमचं विमान दुसऱ्या देशात नोंदलेलं असेल तर तिथल्या प्राधिकरणाची व्याख्या आधी वाचा. पण देखभालीचे तास आणि वैमानिकाचे तास हे दोन वेगळे हिशेब आहेत, ही गोष्ट मनात पक्की असू द्या.

म्हणून वैमानिकाच्या लॉगबुकासाठी हॉब्ज चालतो, पण सुरू करून इंजिन गरम होईपर्यंत सात-आठ मिनिटं जागेवर उभे असाल तर तेवढी वजा करा. देखभालीसाठी बहुतेक मालक टॅक वापरतात, कारण जमिनीवरचा मंद वेळ तो आपोआप आखडतो आणि आकडा हवेतल्या वेळेच्या जवळ येतो. वरच्या उदाहरणात फरक साधारण दोन मिनिटांचा आहे. देखभालीला हॉब्ज लावणं चुकीचं नाही, महाग आहे: प्रत्येक १०० तासांची तपासणी हवेतले ८५-८६ तास झाले की येईल.

टॅक नेहमी सुरक्षित बाजूला चुकतो, हा मात्र मोठा गैरसमज आहे. लांबच्या प्रवासात इंधन वाचवायला कोणी तीन तास २१०० वर उडालं, तर २४०० संदर्भाचा टॅक २.६ तासच दाखवेल. हवेत प्रत्यक्ष तीन तास गेले. इथे टॅक कमी मोजतो, आणि ज्या भागांना तासांची मर्यादा आहे त्यांच्या बाबतीत ही कमतरता कागदावर कधीच दिसत नाही. अशी उड्डाणं नेहमीची असतील तर माझं मत स्पष्ट आहे: टेकऑफ आणि लँडिंगची वेळ मनगटी घड्याळावर लिहा आणि देखभालीचे तास त्यावरच ठेवा. कष्ट दोन नोंदींचेच आहेत.

आता बदललेला टॅक, कारण तुमची खरी अडचण इथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. नवा टॅक लावताना दोन चुका होतात. पहिली, संदर्भ आरपीएम न जुळणारा टॅक बसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जुना २३०० चा आणि नवा २५०० चा असेल, तर नवा त्याच उड्डाणाला आठ टक्के कमी तास दाखवेल. २००० तासांच्या ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याच्या) मर्यादेवर हा फरक १६० तासांचा होतो. म्हणून डायलवर किंवा मागच्या पट्टीवर छापलेला संदर्भ आणि पार्ट नंबर विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहा. छपाई पुसली असेल तर ऑप्टिकल टॅकने (प्रकाशावर फेऱ्या मोजणाऱ्या) खरा आरपीएम मोजत तासभर स्थिर उडा. २३०० वर एका तासात आकडा ०.९६ पुढे गेला, तर २३०० भागिले ०.९६, म्हणजे संदर्भ २४०० चा.

दुसरी चूक नोंदीची. नवा टॅक शून्यापासून सुरू होतो, विमान नाही. समजा जुना टॅक ३४१२.६ वर काढला, तेव्हा एअरफ्रेमचे (इंजिन आणि प्रोपेलर सोडून उरलेल्या विमानाचे) एकूण ६४१२.६ तास आणि इंजिनचे ओव्हरहॉलनंतर ८१२.६ तास होते. हे तिन्ही आकडे, नव्या टॅकचा सुरुवातीचा आकडा आणि तारीख एकाच नोंदीत हवेत, सहीसकट. पुढे नवा टॅक १५३.४ दाखवतो तेव्हा एअरफ्रेम ६५६६.० आणि इंजिन ९६६.० हे कोणालाही काढता येतं. इंजिनचे २००० तास जुन्या टॅकवर ४६०० ला भरणार होते, नव्यावर ते ११८७.४ ला भरतील. जुनी ‘ड्यू’ची, म्हणजे पुढचं काम कोणत्या आकड्याला करायचं त्याची, चिठ्ठी पॅनलवर तशीच राहिली तर काय होईल, ते सांगायला नको. शाईने लिहिलेली नवी चिठ्ठी टॅकशेजारी चिकटवा.

प्रोपेलरचा हिशेब असाच वेगळा रांगेत ठेवा. इंजिन, प्रोपेलर आणि एअरफ्रेम वेगवेगळ्या वेळी बदलतात आणि एकाचं वय दुसऱ्याला सांगता येत नाही. ओव्हरहॉलने इंजिनचे ‘ओव्हरहॉलनंतरचे’ तास शून्य होतात, एकूण तास नाही. अमेरिकेच्या नियमांत एकूण तास पुसून कोरं लॉगबुक सुरू करण्याची मुभा फक्त निर्मात्याने, किंवा निर्मात्याने मान्य केलेल्या कार्यशाळेने, रिबिल्ट केलेल्या, म्हणजे नव्याच्या मापात पुन्हा बांधलेल्या, इंजिनला आहे.

जुन्या मालकांच्या नोंदी तपासायची एक युक्ती आहे, आणि तुम्ही ती याच आठवड्यात करावी असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक वार्षिक तपासणीच्या नोंदीत सहसा टॅकचा आकडा आणि एअरफ्रेमचे एकूण तास दोन्ही असतात. एकूणातून टॅक वजा करा आणि उत्तर वर्षानुवर्षं एका कागदावर उतरवत जा. ते स्थिर राहायला हवं. जिथे ते बदललं, तिथे टॅक बदलल्याची नोंद सापडलीच पाहिजे. नोंद नाही आणि उत्तर बदललं, तर कोणीतरी हॉब्ज आणि टॅक मिसळले आहेत किंवा बेरीज चुकली आहे. अशी चूक सापडली की मधली पानं खोडू नका. मेकॅनिकला सोबत घेऊन आजच्या तारखेची दुरुस्तीची नोंद करा आणि हिशेब कसा काढला ते तिथेच लिहा.

छोटी पण सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे १ तास ३० मिनिटं हे १.३ असं लिहिणं. बरोबर आकडा १.५. तासाचा एक दशांश म्हणजे सहा मिनिटं. तीन ते आठ मिनिटांना ०.१, नऊ ते चौदांना ०.२, असं पुढे. चार मालक असतील तर शेवटचा अर्धा वळलेला अंक कसा वाचायचा तेही ठरवा, नाहीतर एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात ०.१ ने जुळणार नाही. सर्वांत सोपं, इंजिन बंद केल्यावर दोन्ही मीटरचा फोटो.

बिघाडांबद्दल. हॉब्ज थांबला आणि पॅनलवरचं घड्याळही थांबलं असेल तर १७२ मध्ये आधी बॅटरीजवळचा फ्यूज बघा, दोघांना वीज तिथूनच मिळते. फक्त हॉब्ज थांबला तर दाबाचा स्विच किंवा त्याची वायर. उलट स्विच आतून चिकटला तर विमान हँगरमध्ये उभं असताना हॉब्ज धावतो. सकाळी आकडा आदल्या संध्याकाळपेक्षा दहा-बारा तास पुढे दिसला तर दुसरं कारण शोधत बसू नका. त्या स्विचभोवती तेलाचा ओलावा दिसला तर मीटरचा विचार बाजूला ठेवून आधी गळतीच बघा, कारण तो इंजिनच्या दाबाच्या तेलावर बसलेला आहे.

टॅकचा काटा थरथरायला लागला तर बहुधा केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तीव्र वळणावर घासते आहे. पुढची पायरी तुटण्याची. काटा बंद असेल तर उडू नका, आरपीएम दाखवणारा टॅक हे सक्तीचं उपकरण आहे. काटा ठीक आणि फक्त आकडे अडकले असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत घड्याळावर टेकऑफ-लँडिंग लिहा आणि नोंदीत तसं म्हणा.

काटा आणि आकडे आतून वेगळे चालतात हे फार थोड्यांना माहीत असतं. काटा चुंबकाच्या ओढीने फिरतो, आकडे दातेरी चाकांनी. चुंबक वयाने कमजोर झाला की काटा कमी दाखवतो, आकडे मात्र खऱ्याच फेऱ्या मोजतात. म्हणून काट्यावर संदर्भ आरपीएम धरून तासभर सपाट उडा. आकडा १.०० ऐवजी १.०५ पुढे गेला, तर इंजिन काट्यापेक्षा पाच टक्के जास्त फिरतंय. म्हणजे काट्यावर २६०० दिसतं तेव्हा खरे २७३० असतात, आणि २७०० ची लाल रेषा, म्हणजे कमाल मर्यादा, तुम्ही नकळत ओलांडलेली असते.

शेवटी कोणत्या तासाला काय करायचं तेवढं. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या सूचनेप्रमाणे फुल-फ्लो फिल्टर (सगळं तेल गाळणारा) असेल तर तेल ५० तासांनी बदलायचं, फक्त जाळी असेल तर २५ तासांनी, आणि कसंही असलं तरी चार महिन्यांनी. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे) साधारण ५०० तासांनी उघडून बघायचे. वार्षिक तपासणी कॅलेंडरवर चालते, तासांवर नाही. १०० तासांची तपासणी अमेरिकेत फक्त भाड्याने प्रवासी नेताना किंवा स्वतःच विमान पुरवून पैसे घेऊन शिकवताना लागते. तपासणीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी दहा तासांपर्यंत जास्त उडता येतं, पण ते पुढच्या शंभरात मोजले जातात: १०८ ला केलीत तर पुढची २०० लाच. लवकर, ९० ला केलीत तर पुढची १९० ला.

चौघांत पैसे कसे वाटायचे हे तुम्ही विचारलं नाही, पण भांडण तिथेच होतं. टॅकवर वाटलंत तर इंजिन हळू चालवणाऱ्याला कमी पडतं आणि रनअप घाईत उरकावा असं कोणाला वाटत नाही. मी टॅकच निवडेन. हॉब्जवर वाटल्यास टॅक्सीवेवर रांगेत उभं राहण्याचेही पैसे लागतात, आणि त्यातून चेकलिस्ट घाईत होते.