स्वस्त वीज-गॅस कंपनी बुडाली तर?

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. एक नवखी कंपनी वर्षभर बांधलेल्या दराने वीज आणि गॅस देते म्हणते. हप्ता सध्यापेक्षा महिना 20 पौंडांनी कमी. कंपनी बुडाली तर ऐन थंडीत गॅस बंद होईल का? आणि खात्यात साठलेले पैसे?

उत्तर : गॅस बंद होणार नाही. पाइप आणि तारा वेगळ्याच कंपन्यांच्या असतात. पुरवठादार बुडाला की ऑफजेम हे नियामक मंडळ त्याचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे सोपवते आणि घरगुती खात्यातली शिल्लकही सुरक्षित राहते. जातो तो स्वस्त दर. 2021 मध्ये अनेक कंपन्यांनी दर बांधून दिले, पण तेवढा गॅस आगाऊ विकत घेऊन ठेवला नव्हता. घाऊक भाव भडकले आणि त्या कोसळल्या.

तेव्हा आधी हे 20 पौंड खरे आहेत का ते पाहा. हप्ता कमी म्हणजे दर कमी असे नव्हे. वापराचा अंदाज कमी धरला तरी हप्ता उतरतो, आणि फरक पुढे अंगावर येतो. मागच्या 12 महिन्यांची युनिटे काढा आणि युनिटचा दर व रोजचा स्थिर आकार दोन्ही धरून वर्षाचा आकडा मांडा. समजा वर्षाला 1,800 युनिट वीज लागते. 25 पेन्स दर आणि 45 पेन्स आकार धरला तर सुमारे 614 पौंड होतात. 24 पेन्स दर आणि 60 पेन्स आकार असेल तर 651. कमी दराची कंपनीच महाग पडली! लहान घरांना हा फटका हमखास बसतो.

बदलताना सगळ्यात जास्त घोळ मीटरच्या आकड्यांचा होतो. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढा. लाल चौकटीतले आकडे सोडून बाकीचे कळवा. गॅसचा मीटर जुना, घनफुटांचा असेल तर नव्या कंपनीने तो घनमीटरचा म्हणून तर नोंदवला नाही ना, हे पहिल्याच बिलावर तपासा. घनफुटांच्या मीटरचे एक युनिट म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. घनफुटांचा मीटर घनमीटरचा म्हणून नोंदला तर बिल जवळजवळ एक तृतीयांशच येते, आणि घनमीटरचा घनफुटांचा म्हणून नोंदला तर जवळजवळ तिप्पट.

उन्हाळ्यातही हप्ता तोच राहत असल्याने ऑक्टोबरच्या सुमारास खात्यात सर्वाधिक पैसे साठतात. ते सुरक्षित असले तरी नव्या खात्यात यायला महिने लागू शकतात, म्हणून फार साठू देऊ नका. कंपनी बुडाल्याची बातमी कळताच मीटरचा फोटो काढा, जुनी बिले उतरवून घ्या आणि थांबा. नव्या कंपनीचे पत्र येईपर्यंत डायरेक्ट डेबिट रद्द करू नका, घाईने तिसरीकडेही जाऊ नका. जुन्या खात्यावर थकबाकी असेल तर ती मात्र माफ होत नाही.

प्रश्न : चालू करार मध्येच मोडला तर दंड पडतो का?

उत्तर : करारात लिहिला असेल तर पडतो, पण मुदत संपण्याआधीच्या शेवटच्या 49 दिवसांत तो घेता येत नाही. नव्या करारातूनही 14 दिवसांत विनादंड बाहेर पडता येते.