अकरा महिन्यांची नोटरी आणि अडकलेला एजंट

प्रश्न : नागपूरच्या मनीषनगर-बेसा भागात बारा वर्षांपासून मी घरं किरायाने लावून देतो. गेल्या वर्षी एक फ्लॅट दिला. किराया १४,०००, डिपॉझिट ५०,०००. करार ५०० च्या स्टॅम्पवर, अकरा महिन्यांचा, नोटरी केलेला, साक्षीदार मीच. मुदत संपून तीन महिने झाले, पण किरायेदार म्हणतो, तीन वर्षांचं तोंडी ठरलं होतं. मालक पुण्याला असतात. ते म्हणतात, कुलूप लावा, नाहीतर ब्रोकरेज परत करा. त्यात नवा कायदा आला, एजंटला लायसन्स लागतं असंही ऐकतो. काय करू?

उत्तर : पहिले ते कुलूप विसरा. ताब्यातल्या माणसाला कोर्टाविना बाहेर काढलं, तर सहा महिन्यांत दावा करून तो ताबा परत मिळवू शकतो. वीज-पाणी तोडायलाही कायद्याने मनाई आहे. मालक पुण्यात, कुलूप तुमच्या हातात. मग तक्रारीत पहिलं नाव कोणाचं येईल?

आता नवा कायदा. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. घरासाठी दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको वगैरे त्यातलंच. पण तो नमुना आहे, राज्याने कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. तुमच्या करारावर चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९. लायसन्सचं म्हणाल, तर महारेराची (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकून देणाऱ्यांसाठी आहे. फक्त किरायाने लावत असाल तर ती लागत नाही. बेसाकडच्या एखाद्या स्कीमचे फ्लॅटही अधूनमधून विकून देत असाल, तर मात्र प्रशिक्षण आणि परीक्षेसकट लागते.

तुमचं खरं दुखणं याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, हा केंद्राच्या नोंदणी कायद्यातला नियम. तिथूनच ही अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. इथे एका महिन्याचाही करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदार जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं. म्हणूनच तो तीन वर्षं इतक्या बिनधास्त सांगतो. शिक्षाही मालकालाच आहे : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि वाचवलं किती? मुद्रांक शुल्क एकूण किराया आणि डिपॉझिटवरचं १० टक्के व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या प्रकरणात जेमतेम ४०० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. शिवाय हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर. मालकाला पुण्याहून यावंही लागत नाही. स्टॅम्प आणि नोटरीला तुम्ही याच्या निम्म्याच्या आसपास तर घातलेच असतील!

माझा सल्ला : किरायेदाराशी बसून बोला. तीन-चार महिन्यांची मुदत द्या, पण नव्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर. मग मुदत संपूनही तो हलला नाही, तर मालकाला त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येईल. तिथे लेखी करार निर्णायक पुरावा धरतात आणि जास्तीच्या मुक्कामाचे दुप्पट दराने पैसे मागता येतात. तो तयारच झाला नाही, तर मालकाने वकिलामार्फत नोटीस देऊन कोर्टात जावं. त्यात तुम्ही पक्षकार नाही.

ब्रोकरेजचं उत्तर कागदात आहे. ‘नोंदणी लागत नाही’ असं तुम्ही सांगितलं असेल, तर मालकाच्या मागणीत दम आहे. थोडं देऊन मिटवा. ‘खर्च नको’ असं त्यांनीच कळवलं असेल, तर तो व्हॉट्सॲप निरोप जपा, फोन बदलला तरी.

यापुढे डिपॉझिट आपल्या खात्यात घेऊ नका, थेट मालकाला जाऊ द्या. किरायेदाराची माहिती पोलिसांना कळवण्याचा आयुक्तांचा आदेश लागू असेल, तर ते काम चावी देण्याआधी. आणि साक्षीदार म्हणून कोर्टाचं बोलावणं आलं, तर त्या दिवशी समोर जे ठरलं तेच सांगा, मालक फोनवर काहीही पढवोत.