वकट, लेंड, मूंड

"मॅडम, आपल्या घरातलं काहीच मुलाकडे उतरत नाही हो," ही खंत पुण्यातल्या माझ्या कर्वेनगरच्या समुपदेशनाच्या खोलीत मी वारंवार ऐकते. बाणेरहून आलेल्या एका आईलाही हीच काळजी होती. तिचा अकरा वर्षांचा मुलगा आजोबा बोलू लागताच उठून आत जात असे, आणि आबा त्याला श्लोक, कुळाचार, गावाकडची नाती सांगत राहत.

मी मुलाऐवजी आबांना बोलावले. एकट्या मुलाला दुरुस्त करू पाहण्यापेक्षा घरातल्या माणसांचे आपसांत काय चालते ते पाहावे, या मतावर मी अनेक वर्षे ठाम आहे.

"लहानपणी तुम्ही कशात पटाईत होतात?"

"विटीदांडूत," असे म्हणून आबा प्रथमच ताठ बसले.

"मग त्याला शिकवू नका, त्याच्याशी खेळा, आणि मुद्दाम हरू नका."

महिन्याभराने मुलगा आपणहून बोलला. विटी कुठवर गेली ते दांडूने मोजताना आबा 'वकट, लेंड, मूंड, नाल' म्हणत, पण या शब्दांचा अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. सोसायटीतला तेलुगू मित्र मात्र ऐकताच म्हणाला, "हे तर आमचे आकडे! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु."

"मग आबा काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याला पुढचेही विचार."

मी लेखणी खाली ठेवली. सत्तरी ओलांडलेला माणूस नातवाकडून काही जाणून घेऊ पाहत होता. वारसा वरून खाली ओतायचा असतो, हे गृहीतच आपल्याला नडते. दोघांनाही कुतूहल वाटले, तरच तो हातात येतो, हे मला त्या दिवशी लख्ख दिसले.

म्हणून पालकांना मी सांगते, की खेळाचा संस्कारवर्ग करू नका. विटीदांडूला मोकळे मैदान हवे आणि विटी डोळ्याला लागू शकते, म्हणून बघ्या मुलांना लांब उभे करा. मैदान नसेल तर सागरगोटे किंवा कवड्यांचा पट घरातही मांडता येतो. आजीचे नियम पुस्तकातल्याहून वेगळे असतील, तर आजीचेच पाळा, कारण तुमच्या घराची खूण त्या वेगळेपणातच आहे. आणि डाव चालू असताना कृपया चित्रीकरण करू नका.

शेवटच्या भेटीत मुलाची एकच तक्रार होती: "आबा रडीचा डाव खेळतात." मी ती तारखेसह वहीत नोंदवून ठेवली आहे.