पडला-आपटला तरी टिकेल असा हातात मावणारा स्पेक्ट्रोमीटर बनवायचाय, ग्रेटिंग कोणती घेऊ?

ग्रेटिंग म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांब्या वेगळ्या करणारी बारीक रेषांची पट्टी; ती मिलिमीटरला ६०० रेषांची घ्या, दृश्य प्रकाशाला पुरते. पण तुमचं यंत्र रडवणार ते ग्रेटिंगमुळे नाही, प्रकाश ग्रेटिंगवर आणि तिथून सेन्सरवर नेणाऱ्या आरशांच्या स्क्रूंमुळे.

पुण्यात एका छोट्या कंपनीत मी हेच काम केलंय. एलईडी दिव्यांची तरंगलांबी जागेवर जाऊन तपासायचं यंत्र होतं. साहेबांचा हट्ट असा, की दोन्ही आरशांना स्प्रिंग आणि स्क्रू हवेतच, "उद्या सर्व्हिसिंग कसं करणार?" मी म्हणत होतो, एकदा जिगवर (भाग अचूक जागी धरणाऱ्या साच्यावर) नीट बसवा, एपॉक्सीने चिकटवा, झाकण लावा. ऐकतो कोण! यंत्र टेम्पोतून चाकणला गेलं आणि फोन आला: पाऱ्याच्या दिव्याची ठरलेली ५४६.०७ नॅनोमीटरची रेषा ५४८ वर दिसतेय. खापर ऑपरेटरवर फुटलं. मी झाकण उघडलं तर आरशाचा एक स्क्रू नखाने फिरत होता. हलू नये म्हणून लावलेला नेलपॉलिशचा ठिपका तडकलेला.

हिशेब करून बघा. फोकल लेंग्थ ५० मिमी धरली तर सेन्सरवर मिलिमीटरला साधारण ३३ नॅनोमीटर पसरतात. टीसीडी१३०४ या सेन्सरचा पिक्सेल ८ मायक्रॉनचा, म्हणजे पाव नॅनोमीटरच्या जरा वर. आरसा अंशाच्या दोनशेव्या भागाइतका कलला की रेषा एक पिक्सेल सरकली. "सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करू" हे साहेबांचं दुसरं पालुपद. तापमानाने होणारा सावकाश फरक तसा निस्तरता येतो. सैल आरसा दर खड्ड्याला नवी जागा धरतो, त्याला सॉफ्टवेअर काय करणार?

बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून मिलिंग करून घ्या. मोटरवर फिरणारी ग्रेटिंग अजिबात नको. परवडत असेल तर अंतर्वक्र होलोग्राफिक ग्रेटिंग घ्या, ती प्रकाश स्वतःच फोकस करते, आरशांची कटकटच मिटते. कॅलिब्रेशनला जुना सीएफएल दिवा चालतो (त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ वर), आणि लाल बाजूला लाइनटेस्टरमधल्या निऑनची ६४०.२ ची रेषा. उजेड कमी असतो, एक्सपोजर वाढवा.

हां, एपॉक्सी वाळताना आकसते, तेव्हा रेषेवर नजर ठेवूनच चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. ७५० च्या पुढे मोजणार असाल तर फिल्टर हवाच, नाहीतर ४०० चा दुसरा ऑर्डर (दुप्पट तरंगलांबीच्या जागी पडणारी तिचीच प्रतिमा) ८०० वर येऊन बसतो. आणि लेसरची तरंगलांबी नॅनोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत हवी असेल तर हे सगळं सोडा, फिझो इंटरफेरोमीटरकडे (प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाच्या पट्ट्यांवरून मोजणाऱ्या यंत्राकडे) वळा.

सर्व्हिसिंगचं कोणी विचारलंच तर सांगा, अख्खा ब्लॉक बदलून देऊ.