तिथी पाहून निघावे
कुत्र्याला घेऊन पुण्याहून प्रथमच समुद्रकिनारी जाणार असाल, तर ताम्हिणी घाटाने दिवेआगर गाठावे; मात्र घाटातल्या वळणांपूर्वी त्याला पोटभर खाऊ घालू नये, आमच्या मोतीने गाडीतली नवी चादर अशीच निकालात काढली होती. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हे किनाऱ्यावरचे जुने गणित फार उपयोगी पडते: पौर्णिमेला ती सव्वाअकराच्या सुमारास येते, म्हणजे पहाटे आणि सायंकाळी पाचनंतर ओहोटीची ओलसर, घट्ट वाळू चालायला मिळते, तर सुरूच्या बनालगतची कोरडी वाळू दुपारी पंजे पोळते. वाळूत फुगून पडलेला केंड मासा विषारी असतो, त्याला तोंड लावू देऊ नये. गोडे पाणी सोबत असावेच, खारे पाणी प्यायल्यास उलट्या होतात.