हप्ता बारा महिन्यांचा, सीझन सात महिन्यांचा

कोल्हापूरहून एका ताईंनी विचारलं आहे: "घरातूनच जर्सीवर नाव-नंबर लावून देते. हीट प्रेस आहे, कटिंगसाठी १२ इंची छोटं मशीन आहे. नोव्हेंबर ते मे या फुटबॉलच्या दिवसांत मिळून १,२०० जर्सी होतात, उरलेल्या पाच महिन्यांत महिन्याला ४० च्या आसपास. एका जर्सीचे ११० रुपये घेते, माल आणि वीज धरून ३८ जातात. गेल्या सीझनला चार दिवसांत १५० जर्सी हव्या होत्या, ती ऑर्डर सोडावी लागली. म्हणून मोठा प्लॉटर, म्हणजे कटिंगचं मोठं मशीन घ्यायचं आहे. सर्व्हो मोटरचं, म्हणजे जास्त अचूक चालणारं, कंपनीचं मशीन १,५५,००० ला आहे. ५,००० भरून बाकी १२ टक्क्यांनी तीन वर्षांच्या हप्त्यावर देतो असं डीलर म्हणतो. साधं चिनी २८ इंची ३८,००० ला आहे. शिवाय एक रेडियमवाले दुकान बंद करताहेत, ते आपलं सर्व्हो मशीन ४५,००० ला द्यायला तयार आहेत. धंद्याचे ७०,००० बाजूला आहेत. मुलीच्या कॉलेजसाठी २ लाखांची एफडी आहे, ती मोडू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एफडी मोडू नका. डीलरच्या हप्त्यावरही मशीन घेऊ नका. का, ते तुमच्याच आकड्यांतून सांगतो.

एका जर्सीमागे तुमच्या हातात ७२ रुपये राहतात. वर्षाच्या १,४०० जर्सी धरल्या तर १,००,८०० रुपये. एवढी कमाई घर सांभाळून तुम्ही करता, तिचं मला मनापासून कौतुक आहे, आणि म्हणूनच ती जपायची आहे. डीलर म्हणतो ते १२ टक्के 'फ्लॅट' आहेत का, हे आधी विचारा. फ्लॅट असतील तर दीड लाखावर तीन वर्षांचं व्याज ५४,००० होतं आणि हप्ता ५,६६७ रुपयांचा बसतो. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण दीड लाखावर. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर सुमारे २१ टक्के पडतो. बँकेने खरंच १२ टक्क्यांनी दिलं असतं तर हप्ता ४,९८२ झाला असता आणि तीन वर्षांत साडेचोवीस हजार वाचले असते.

पण व्याजापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. जून ते ऑक्टोबर तुमच्याकडे महिन्याला २,८८० रुपये येतात आणि हप्ता ५,६६७ चा. शाहू स्टेडियमवर सामने असोत नसोत, हप्ता येणारच. त्या पाच महिन्यांत जवळपास १४ हजारांचा खड्डा पडतो, तो सीझनच्या कमाईतून किंवा घरखर्चातून भरावा लागेल. वर्षाचे १२ हप्ते ६८,००० होतात. तुमच्या मेहनतीचे तीनातले दोन रुपये मशीनलाच गेले.

आता त्या सोडलेल्या ऑर्डरकडे बघू, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की एका जर्सीचं कटिंग अडीच मिनिटांत होतं, नको तो भाग चिमट्याने सोलून काढायला चार मिनिटं लागतात आणि नंबर सरळ बसवून प्रेस करायला तीन. म्हणजे हाताचं काम सात मिनिटांचं. १५० जर्सींचे साडेसतरा तास! मशीनला त्याच कामाला सव्वासहा तास पुरतात, आणि तेवढ्या वेळात तुम्ही सोलतच असता. ऑर्डर अडली ती हातांपाशी, मशीनपाशी नव्हे. ४०० रुपये रोजाने एक मदतनीस चार दिवस घेतली असती तर १,६०० रुपयांत १०,८०० ची कमाई हातची गेली नसती. दीड लाखाच्या मशीननेही इंग्रजी 8 आणि 6 या आकड्यांचे आतले तुकडे बोटांनीच काढायचे आहेत.

तरी मोठ्या मशीनचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. जर्सीचं व्हिनाइल, म्हणजे ज्यातून नाव-नंबर कापून प्रेसने चिकटवता ती पातळ शीट, ५० सेंटीमीटर रुंदीच्या रोलमध्ये येतं. १२ इंची मशीनसाठी ते कापून घ्यावं लागतं, आणि उरलेली २० सेंटीमीटरची पट्टी नावं व छातीवरचे छोटे नंबर यांत वापरली नाही तर कचऱ्यात जाते. पूर्ण रुंदी एकदम घालता आली की एका संघाचे सगळे नंबर एका दमात कापून होतात. ही सोय खरी आहे, फक्त ती ४०-४५ हजारांतही मिळते. डीलर ४०० - ५०० ग्रॅमचा कटिंग फोर्स, म्हणजे पात्याचा दाब, सांगेल. जर्सीच्या साध्या व्हिनाइलला १०० ग्रॅमच्या आसपास पुरतो. लांबच लांब कामात सर्व्हो नक्कीच सरस आणि आवाजही कमी, पण तुमचा पाठीवरचा नंबर २५ सेंटीमीटरचा आहे.

तीन वर्षं अडकू नका म्हणण्याचं आणखी एक कारण डीटीएफ, म्हणजे फिल्मवर रंगीत छापून ते प्रेसने कापडावर उतरवायची पद्धत. दहीहंडीचे आणि गणपती मंडळांचे रंगीत टी-शर्ट तिकडे गेले, हे तुम्हीच लिहिलंय. डीटीएफच्या छपाईला कटिंग लागत नाही. उद्या तालमींचे, म्हणजे कोल्हापुरातल्या फुटबॉल मंडळांचे संघही नाव-नंबर त्यातच मागू लागले, तर प्लॉटर कोपऱ्यात आणि हप्ता चालू. स्पॉन्सरचे रंगीत लोगो मीटरच्या भावाने बाहेरून छापून घ्या, प्रेस तुमच्याकडे आहेच.

माझी पसंती रेडियमवाल्यांच्या मशीनला आहे, पण तपासून. नव्या गाड्यांना २०१९ पासून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आली, आता जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. रेडियमच्या नंबरप्लेटचं काम आटलं. अशी मशीनं विकायला निघतात तेव्हा मशीनच वाईट असेल असं नाही. बघायला जाताना स्वतःचं व्हिनाइल आणि स्वतःचा लॅपटॉप न्या. एक गोल कापायला लावा: सुरुवात आणि शेवट जुळला पाहिजे. मग दोन-तीन मीटर रोल पुढे-मागे फिरवून त्याच रेषेवर पुन्हा कापायला सांगा. पातं जुन्या खाचेतच गेलं तर मशीन सरळ ओढतंय. रबरी रोलर गुळगुळीत झालेत का आणि पात्याखालची पांढरी पट्टी चिरलीय का, हे बोट फिरवून बघा. मशीनचा नंबर लिहिलेली पावती घ्या. यातलं काही खटकलं तर ३८,००० चं नवीन घ्या, पण बिल आणि वॉरंटी हातात घेऊनच. त्या नव्या मशीनच्या किमतीतला १८ टक्के जीएसटी परत मिळावा म्हणून नोंदणी करू नका. तुमची उलाढाल दीड लाखाची आहे, रिटर्न भरण्याचा खर्च त्या परताव्यापेक्षा जास्त होईल.

उरलेले २५ ते ३२ हजार सीझनच्या मालासाठी ठेवा. त्यात पॉलिस्टरसाठीचं ब्लॉकआउट व्हिनाइल धराच. नाहीतर लाल जर्सीवरचा पांढरा नंबर दुसऱ्या दिवशी गुलाबी पडू शकतो, कारण प्रेसच्या उष्णतेने कापडातला रंग वर चढतो. सोळा जर्सींचा एक संच परत आला की कमाई गेली आणि मालही गेला. ३८ रुपयांत हे महाग व्हिनाइल धरलं नसेल, तर अशा जर्सीचा दर १२० करा आणि ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे मागा. तालमीचा स्पॉन्सर कधी पैसे देईल याची वाट तुमच्या भांडवलाने का बघावी?

पुढे कधी कर्ज घ्यायची वेळ आलीच, तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो का ते तुमच्या बँकेत विचारा. व्याज साधारण एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त असतं, ते वापरलेल्या रकमेवरच लागतं आणि मुद्दल सीझनमध्ये भरता येतं. मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण न ठेवता कर्ज आहे, पण तिथेही हप्ता बारमाही असेल, हे धरून चाला.

मशीन बघायला जाण्याआधी एक करा. आठवडाभराचा व्हिनाइलचा कचरा एका पिशवीत साठवा, त्यातल्या २० सेंटीमीटरच्या अख्ख्या पट्ट्या वेगळ्या काढा आणि किती मीटर भरतात ते मोजून मला कळवा.