रेल्वेबससाठी माणसे कुठून आणावीत?

प्रश्न : आम्ही सोलापुरातील पाच मित्र आहोत. बार्शी लाइट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या गाडीने पंढरपूरला जाणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. एका खासगी आवारात बसच्या बांधणीची, चार लोखंडी चाकांची एक जुनी रेल्वेबस गंजत पडली आहे. चाकांमधील अंतर अडीच फुटी रुळांचे आहे. मालकांनी दुरुस्तीची तोंडी परवानगी दिली आहे. व्हॉट्सॲपवर आवाहन केल्यावर पहिल्या रविवारी वीस जण आले, चौथ्या रविवारी आम्ही पाचच उरलो. टिकून राहणारे स्वयंसेवक कसे मिळवावेत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वीस माणसे आली आणि परतली, यावरून सोलापूरकरांना आस्था नाही असा निष्कर्ष आपण कृपया काढू नये. ‘जुनी गाडी वाचवू या’ या हाकेला माणूस धावून येतो. पण आल्यावर हाताला काम मिळाले नाही, तर तो फोटो काढतो, चहा घेतो आणि पुढच्या रविवारी घरीच थांबतो. म्हणून आवाहन एकेका कामाचे करावे. ‘डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीची सडलेली चौकट उतरवून तशीच नवी बसवायची आहे, एक सुतार आणि दोन मदतनीस हवेत, चार रविवार, सकाळी सात ते दहा’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला आपण तिथे उपयोगी पडू की नाही हे लगेच कळते.

माणसे शोधताना रेल्वेवाल्यांकडेच पाहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. रेल्वेबस ही निम्मी बसच असते. ब्रिटिश रेल्वेने १९५८ च्या सुमारास पाच कारखान्यांकडून २२ रेल्वेबस घेतल्या, त्यांत मोटारी आणि बस बांधणारे कारखानेही होते. दहा वर्षांतच त्या सेवेतून गेल्या आणि बहुतेक मोडीत निघाल्या. पण पश्चिम जर्मनीत बांधलेल्या पाचांपैकी चार आजही जतन केलेल्या आहेत. आपल्या गाडीचा पत्रा, रिव्हेट, खिडक्या आणि आसने यांची खरी जाण एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या पत्रेवाल्यांना आणि बॉडी बांधणाऱ्या कारागिरांना असेल. चाके, आस आणि ब्रेक यांसाठी मात्र कुर्डुवाडी गाठावी. ब्रिटिश अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार न देण्याच्या बेताने आखलेला आणि १८९७ मध्ये सुरू झालेला बार्शी लाइटचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला असला, तरी अरुंद रुळांवरच्या डब्यांखाली हात काळे केलेली माणसे त्या गावात अजून आहेत. त्यांना निरोप न पाठवता घरी जाऊन भेटावे आणि बरोबर चाकाचा जवळून काढलेला फोटो न्यावा. फोटो पाहताच ते बोलू लागतील.

शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती करणारे जॉबर आणि फिटर यांनाही विसरू नये. सुटा भाग बाजारात मिळत नसेल, तर तो घडवून घेणे हे त्यांचे रोजचे काम आहे. त्यांच्यासाठी आवाहन तेलुगूतही लिहावे. आयटीआयच्या मुलांना एखाद्या जुन्या कारागिराच्या हाताखाली द्यावे.

कामाचे दिवसही जपून निवडावेत. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही, आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कोणी येणार नाही. ते दिवस आपणच सुट्टीचे ठरवावेत.

एक गोष्ट मात्र आज हाती घ्यावी. तोंडी परवानगीवर दुसऱ्यांना राबवू नये. गाडी कोणाची, किती वर्षे आपल्याकडे राहणार आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे मालकांकडून लिहून घ्यावे आणि स्वयंसेवकांचा विमा उतरवावा. जुन्या रंगात शिसे आणि ब्रेकच्या अस्तरात किंवा इंजिनाभोवतीच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. जाणकाराने पाहिल्याखेरीज काहीही कोरडे घासू नये आणि मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

तोवर येणाऱ्यांसाठी बिनधोक काम भरपूर आहे. प्रत्येक बाजूचे फोटो काढावेत, चासीवर आणि इंजिनावर कोरलेले आकडे शोधून वहीत उतरवावेत. पुढे गाडी उघडू लागाल तेव्हा निघालेला प्रत्येक नट डब्यात ठेवून त्याला तो कुठून निघाला याची चिठ्ठी बांधावी. ही वही आवारातच ठेवावी आणि त्या दिवशी कोणी काय केले, हे त्याच्या नावासह त्याच्याच हाताने लिहून घ्यावे.